आत्याचा निरोप

माझे बाबा आणि माझी आत्या समोरासमोर बोलत नसत. भांडण नव्हतं, मान होता. वयात आल्यावर बहीण ज्या खोलीत असेल तिथे भाऊ जात नाही, तिच्यादेखत थट्टामस्करी करत नाही, आणि तिने एखादी गोष्ट कर म्हटलं तर नाही म्हणत नाही. आमच्या मोतुहिफो बेटावरच्या बाकीच्या घरांनी यात बरीच सूट घेतली होती. भाऊबहीण एका चटईवर बसून सिनेमे बघायचे. आमच्या घरात मात्र जुनी रीत तशीच राहिली, कारण माझे बाबा केलेपी हट्टी आणि लेसिएली आत्या त्यांच्याहून हट्टी.

आत्या लग्न होऊन मोठ्या बेटावर गेली होती. वर्षातून एकदा, चर्चच्या दानाच्या रविवारी, ती माहेरी यायची. ती आली की घर तिचं. बाबा आपली उशी काखेत मारून माकाकाकांकडे झोपायला जायचे. माकाकाका गावचे अधिकारी, बाबांचे लहानपणापासूनचे दोस्त. मग दोन्ही घरांच्या मधे माझ्या फेऱ्या सुरू व्हायच्या. बाबांना विचार, कोनफळं यंदा कशी आहेत. आत्याला सांग, मोठी आहेत, पहिली टोपली तिचीच. माकाकाका हसायचे. म्हणायचे, "तेलेसिया, तुझं लग्न झालं की या घराची टेलिफोन लाइन तुटली बघ." माझं लग्न झालं नाही, त्यामुळे लाइनही तुटली नाही.

त्या वर्षी आत्या आली ती नाकाला पदर लावल्यासारखा हात धरूनच होडीतून उतरली. होडीवाल्याने येताना वाट वाकडी केली होती. पश्चिमेकडचं पाणी बिघडलंय, म्हणाला. हळद कालवल्यासारखं पिवळं दिसतंय, आणि त्यावर मासे पोट वर करून तरंगतायत. वास आम्हालाही दोन-चार दिवसांपासून येत होता, ओल्या काड्यापेटीसारखा. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांनाही तो लागला होता. नंतर किनाऱ्याला दगड लागायला लागले. राखाडी, भोकाभोकांचे, हातात घेतले तर पाव उचलल्यासारखे हलके. पोरांनी त्यांच्या होड्या केल्या. बायकांनी टाचा घासायला चांगले म्हणून वेचून नेले.

माकाकाकांच्या रेडिओवर सांगत होते की समुद्राखालचा डोंगर जागा झालाय, होड्यांनी त्या बाजूला जाऊ नये. गावाने काय करावं ते रेडिओ सांगत नव्हता.

रविवारी प्रार्थना झाली, दान झालं, जमिनीतल्या भट्टीतून डुकरं निघाली, सगळे पोटभर जेवले. मग पुरुष कावा, म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, प्यायला परातीभोवती बसले आणि बोलणं समुद्रावर आलं. माकाकाकांचं म्हणणं, आत्याची होडी उद्या परत जाणारच आहे, तिच्यात म्हातारीकोतारी आणि पोरं घालून द्यावीत. त्यांची स्वतःची आई, सुलिया आजी, अंथरुणाला खिळलेली होती. ती तर दोन दिवस मागे लागली होती, मला इथून हलवा, खाटेखाली काहीतरी गुरगुरतंय. लोकांनी बाबांकडे बघितलं. मोतुहिफोवर बाबांच्या शब्दाला वजन होतं. त्यांनी लावलेलं कोनफळ कधी कुजलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलेला वारा कधी चुकला नव्हता.

बाबा म्हणाले, माझ्या आजोबांच्या वेळीही धूर आला होता. आजोबा त्या दिवशी कोनफळं लावत होते, धूर बघत बघत त्यांनी ओळ पुरी केली. समुद्र अधूनमधून घसा खाकरतो. त्यासाठी आजारी म्हातारीला उघड्या होडीत घालून उन्हात अर्धा दिवस नेणं म्हणजे तिला वाटेतच मारणं. हे सगळ्यांना पटलं. मलाही पटलं.

आत्या घराच्या पडवीत बसून ऐकत होती. तिने मला बोलावलं. म्हणाली, "त्याला म्हणावं, लेसिएलीला बरं वाटत नाहीये. पोरं तरी पाठवता येतील का, एवढं विचार."

मी निरोप नेला. बाबांनी मान खाली घालून तो ऐकला, कारण बहिणीचा निरोप तसाच ऐकायचा असतो. मग म्हणाले, आत्याला सांग, तिची काळजी मला समजते, वारा फिरला तर मी स्वतः पोरं घेऊन येईन. मी ते पोचवलं. आत्या बराच वेळ केवड्याच्या पात्या सोलत बसली. तिने विचारलं होतं, कर म्हटलं नव्हतं. फरक तिला माहीत होता आणि बाबांनाही. पुढे कितीतरी दिवस मी या गोष्टीचा विचार केला. तिने त्या संध्याकाळी नुसतं 'पाठव' म्हटलं असतं तर? पण चारचौघांत, भावाच्या गावात, भावाचा शब्द खाली पाडणं तिला नको होतं. तिलाही भावाचा मान प्यारा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी होडीचं इंजिन चालू होईना. त्या हलक्या दगडांचा चुरा आत गेला होता. होडीवाला शिव्या घालत ते उघडून बसला. आत्या टेकडीवरच्या शाळेत गेली, बायकांनी झाडाच्या सालीचं लांब कापड रंगवायला घेतलं होतं ते बघायला. मी तिच्याबरोबर. बाबा टेकडीच्या उतारावर आपल्या वाडीत होते.

दुपारी आवाज झाला. आवाज म्हणावा की नाही कळत नाही. कानावर कुणीतरी दोन्ही तळहात मारावेत तसं झालं आणि नंतर काही काळ काहीच ऐकू येईना. शाळेच्या खिडक्यांच्या काचा आत आल्या. आम्ही बाहेर पळालो. पश्चिमेला समुद्रातून पांढरंकाळं काहीतरी उभं राहत होतं, फुलकोबीसारखं फुगत, वर वर जात, आणि त्याच्या आत विजा चमकत होत्या. खालून लोक पोरं काखोटीला मारून टेकडी चढत होते. किनाऱ्यापुढच्या खडपाच्या आतलं पाणी ओसरून गेलं होतं आणि तळ उघडा पडला होता. होडीवाला त्या ओल्या तळावरून पळत येताना दिसला.

आणि त्या सगळ्या गर्दीच्या उलट दिशेने, वाडीतून निघून, बाबा खाली चालले होते. पळत नव्हते, उतारावर पाय रोवत, भराभर.

मला वाटलं, ते आपल्या होडीकडे चाललेत. आत्यालाही तेच वाटलं असावं. ती शाळेच्या पायरीवर उभी राहिली. जन्मात मी तिच्या तोंडून बाबांचं नाव ऐकलं नव्हतं. ती नेहमी 'तुझा बाप' म्हणायची. त्या दिवशी तिने इतक्या मोठ्याने हाक मारली की वर चढणारी माणसंही जागच्या जागी थांबली.

"केलेपी. वर ये."

बाबा थांबले. त्यांनी वर बघितलं, मग खाली बघितलं. खालच्या बाजूला माकाकाकांचं घर होतं. मग बाबा वळले आणि मान खाली घालून वर आले. ते शाळेच्या अंगणात पोचले आणि लाट आली.

ती भिंतीसारखी वगैरे नव्हती. समुद्र नुसता वर आला आणि थांबलाच नाही. घरं उचलली, चर्चचं छप्पर उचललं, नारळ आडवे केले, अर्ध्या टेकडीपर्यंत आला आणि मग सगळं ओढत मागे गेला. असं पुन्हा पुन्हा झालं. माकाकाका तेव्हा टेकडीच्या दुसऱ्या बाजूला होते. रेडिओचा आवाज नीट लागावा म्हणून तिकडे गेले होते. ते धावत आले तेव्हा त्यांचं घर तिथे नव्हतं.

बाबा त्यांच्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "मी सुलिया आजीकडे चाललो होतो."

माकाकाकांनी आत्याकडे बघितलं नाही. कुणीच बघितलं नाही. काही वेळाने दिवसाची रात्र झाली, वरून राख पडायला लागली, मधेच वाटाण्याएवढे खडे. आम्ही सालीचं रंगवायला घेतलेलं कापड डोक्यावर ओढून सगळे एकत्र बसलो. कुणीतरी प्रार्थनेचं गाणं सुरू केलं आणि तोंडात राख जाते म्हणून थांबवलं. आत्या माझ्या शेजारी होती. ती हळूच म्हणाली, "मला होडीकडे चाललाय असं वाटलं." हे तिने मला सांगितलं, निरोप म्हणून नव्हे. मी तो कुठे पोचवला नाही.

सुलिया आजीच्या जोडीला आणखी एक जण गेला, खडपावर शिंपले काढायला गेलेला. आजी सापडली. आम्ही तिला टेकडीवरच पुरलं, राखेतच, कारण खाली थडग्यावर घालायची पांढरी वाळू उरली नव्हती.

नौदलाचं जहाज आलं तेव्हा पाण्याच्या टाक्यांत राखेचा चिखल झाला होता आणि माणसं शहाळ्यांवर दिवस काढत होती. सगळे चढले. बाबा किनाऱ्यावर बसून राहिले. त्यांचं म्हणणं, कुणीतरी थांबायला हवं. म्हातारी एकटी आहे. नौदलाचा पोरगेला अधिकारी कंटाळला. माकाकाकांनी समजावलं, ऐकेनात. आत्या जहाजाच्या शिडीवर होती. तिने मला खाली पाठवलं.

मी बाबांना म्हणाले, "आत्याने सांगितलंय, चढा."

ते उठले आणि चढले.

मोठ्या बेटावर सरकारने शाळेच्या सभागृहात लोकांची सोय केली होती, पण आत्याचं घर असताना तिचा भाऊ तिथे चटई टाकणार हे तिच्या सासरच्यांना शोभलं नसतं. तिने आम्हाला घरी नेलं. आता तिच्या घरात बाबा राहणार कसे? एका छपराखाली झोपणं शक्यच नव्हतं. तिच्या नवऱ्याची खोबरं साठवायची एक वखार होती, परसात. ती झाडून घेतली, चटया टाकल्या. बाबा तिथे राहायला लागले. मी ताट घेऊन घरातून वखारीत आणि निरोप घेऊन वखारीतून घरात.

ज्या माणसाने आयुष्यभर बहिणीला पहिली टोपली पाठवली तो आता बहिणीच्या घरचं ताट खात होता. आत्याचे दीर चांगले होते, कुणी काही बोललं नाही. एकदा फक्त धाकट्या दिराने हसत हसत म्हटलं, "केलेपी, खोबऱ्याला मुंग्या लागत नाहीत ना, बघत जा." राखणदार केलं म्हणून थट्टा. बाबाही हसले. त्या दिवसापासून ते रोज पोती मोजून, उलटीपालटी करून नीट रचायला लागले, कुणी न सांगता. मला ते बघवत नसे.

दर रविवारी ते माकाकाकांच्या शेजारी चर्चमध्ये बसत. माकाकाकांनी त्यांना एका शब्दाने दोष दिला नाही, आणि तेच बाबांना पेलत नव्हतं. एकदा माकाकाका मला म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, त्याने मला शिवी दिली तरी चालेल. पण हे असं माझ्याकडे बघणं थांबव म्हणावं." हा निरोप मी पोचवला. बाबा पोती रचत राहिले.

बाबा वाळले. अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. मग लावणीचा मोसम आला. कळलं की मोतुहिफोची राख पावसाने जमिनीत मुरली आहे, हिरवं फुटलंय, आणि काही पुरुष जाऊन छपरं उभी करणार आहेत. सरकारचं म्हणणं होतं की बायकामुलांनी अजून जाऊ नये, डोंगर पुरता निजलेला नाही. बाबांनी मला जवळ बोलावलं. बराच वेळ बोटाने चटईची वीण चाचपत राहिले.

"आत्याला विचार," ते म्हणाले, "मला जाऊ देशील का."

साठी उलटलेला माणूस, लहान मुलासारखा. मी घरात गेले. आत्या दाराआडच उभी होती. तिने ऐकलं असणार. तरी मी निरोप सांगितला, आणि तिने तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐकला.

"जा म्हणावं," ती म्हणाली. मग मला थांबवून म्हणाली, "आणि तेलेसिया, हेही सांग. मी त्याला दोनदा ओढून आणलं. एकदा एका म्हातारीच्या जिवावर. आता यापुढे लेसिएली त्याला कधी 'ये' म्हणणार नाही. देवासमोर सांगतेय. त्याने आपलं बघून घ्यावं."

बाबांनी हे ऐकलं आणि डोळे पुसले. दुःखाने की सुटल्यासारखं वाटून, मला सांगता येणार नाही. पुढच्याच होडीने ते आणि माकाकाका गेले.

त्यानंतरचे महिने बरे गेले म्हणायचे. होडीवाला बातम्या आणायचा. टेकडीच्या उतारावर छपरं झाली. सुलिया आजीच्या थडग्याला बाबांनी लांबून वाळू आणून घातली, काळे गुळगुळीत दगड कडेने लावले. कोनफळाचे वेल काठ्यांवर चढले. आत्या हे सगळं ऐकायची आणि पुन्हा सांग म्हणायची.

मग एका सकाळी घरातली भांडी फळीवर हलकेच वाजली. सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. दुपारी वारा पश्चिमेचा झाला आणि तोच ओल्या काड्यापेटीचा वास आला. रेडिओवर सुरू झालं. मोतुहिफोवरच्या पुरुषांपैकी बरेच जण त्या आठवड्यात परत आले. बाबा आणि माकाकाका आले नाहीत.

आत्याच्या घरी लोक येऊन जायला लागले. सगळ्यांचं एकच, लेसिएली, तू निरोप पाठव. तुझ्या एका शब्दावर येईल तो. आत्या चटई विणत बसायची आणि म्हणायची, बघू. तिने जेवण टाकलं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी तिने मला हाक मारली. होडी बेटावर माल टाकायला जातेय, म्हणाली, तू जा आणि बापाला बघून ये.

"काय सांगू त्यांना?"

ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "तुला सुचेल ते."

मोतुहिफोला पोचलो तेव्हा पाणी पुन्हा पिवळं होतं. क्षितिजावर बारीक धूर, दुरून चूल पेटल्यासारखा. किनारा ओळखू येत नव्हता. माझं घर कुठे होतं ते मला दोन नारळांच्या खुंटांवरून शोधावं लागलं. बाबा वाडीत होते. अंगावर मांस आलं होतं. त्यांनी मला बसवलं, शहाळं फोडून दिलं, वेल दाखवले. पानं माझ्या तळहाताच्या दुप्पट. राखेतलं कोनफळ असं माजतं हे आजोबांनी त्यांना सांगितलं होतं म्हणे. पायाखाली मधूनच जमीन थरथरायची, उभ्या माणसाला कळावं न कळावं इतकीच, आणि ते बोलता बोलता थांबून ती संपेपर्यंत वाट बघायचे आणि मग तोच शब्द पुढे चालू करायचे.

मी म्हणाले, बाबा, चला. होडी उभी आहे.

त्यांनी कोयता खाली ठेवला. कमरेचं फडकं सोडून नीट बांधलं आणि मान खाली घातली.

"आत्याने सांगितलंय का?"

मी जन्मभर त्या दोघांचं बोलणं इकडून तिकडे नेलं होतं. त्यात माझा एक शब्द कधी घातला नव्हता, एक कधी गाळला नव्हता. आता नुसतं 'हो' म्हटलं असतं तर ते तसेच, हातापायाची मातीही न धुता, होडीत येऊन बसले असते. माकाकाकाही आले असते. मी माकाकाकांकडे बघितलं. ते थडग्याजवळ गवत उपटत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते. मला वाटतं त्यांची इच्छा होती, मी 'हो' म्हणावं.

मग मला वखार आठवली. रोज रचलेली पोती आठवली. आणि टेकडीच्या उतारावर वर बघणारे, मग खाली बघणारे, मग वळणारे बाबा.

"नाही," मी म्हणाले. "तिने काही सांगितलेलं नाही. मीच म्हणतेय."

बाबांनी मान वर केली. माझ्या गालाला मातीचा हात लावला. "मग तू जा," म्हणाले, "होडी ओहोटी लागायच्या आत सुटायला हवी."

परतीच्या वाटेवर मी मागे वळून बघितलं नाही, पुढेही धड बघवत नव्हतं.

आत्या धक्क्यावर आली होती. बहिणीने असं भावाची वाट बघत उघड्यावर उभं राहायचं नसतं, तरी आली होती. होडीत बाबा नाहीत हे तिने लांबूनच बघितलं असणार. मी उतरले तेव्हा तिने विचारलं, त्याने काय विचारलं आणि तू काय म्हणालीस. मी शब्दाला शब्द सांगितला.

ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तू खोटं बोलशील."

घरी जाताना ती माझ्या पुढे चालत होती. रीतीप्रमाणे कपड्यांवरून कमरेला गुंडाळलेली तिची चटई एरवी कधी वाकडी नसायची, त्या दिवशी ती एका बाजूने सुटून जमिनीला लागत होती. मी ती उचलून धरली नाही, आणि तिनेही मागे बघितलं नाही. त्यानंतर काही आठवडे आमच्यात कामापुरतं बोलणं होतं.

डोंगर त्या खेपेला मोठा फुटला नाही. महिनाभर धुमसला, एका बाजूची पानं राखेने जाळली आणि निवला. बाबा जगले, माकाकाका जगले. म्हणून मी बरोबर होते असं मात्र नाही. लाट आली असती तर याच शब्दांनी मी त्यांना मारलं असतं, हे मला ठाऊक आहे आणि आत्यालाही. आम्ही त्यावर कधी बोललो नाही. आता निम्मं गाव तिकडे परत गेलंय. रेडिओ अजून म्हणतो, सावध राहा.

गेल्या पंधरवड्यात होडीवाला सांगत आला की पश्चिमेला पाण्यातून काळ्या जमिनीची एक पट्टी वर आली आहे. वाफ निघतेय, तरी पक्षी बसायला लागलेत. आणि केलेपी आणि माका, दोघं म्हातारे, होडी घेऊन ती बघायला जायच्या गोष्टी करतायत.

आत्या आता फारशी उठत नाही. तिने हे पडल्या पडल्या ऐकलं. मला वाटलं ती चिडेल. ती छताकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "जमीन गरम असेल. पायात काहीतरी घालून जा म्हणावं."